नुक्त्याची परीक्षा

उन्हाळ्याच्या सुट्टीत एक जुना विद्यार्थी भेटायला घरी आला. पुण्यात चांगल्या नोकरीला आहे. शाळेत असताना त्याचं अक्षर इतकं वाईट होतं की मी त्याच्याकडून रोज एक पान शुद्धलेखन करून घ्यायचो. आता त्याला फाउंटन पेनांचा नाद लागलाय. चहा होईपर्यंत त्यानं चामड्याच्या पाकिटातून चार इटालियन पेनं काढून टेबलावर मांडली. म्हणाला, "सर, लिहून बघा. दोन्ही लिप्या."

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, म्हणून पेनाची परीक्षा माझ्या हातात दुहेरी होते. मराठी लिहिताना उजवा हात निब ओढत नेतो. उर्दू लिहिताना तोच हात निब ढकलत नेतो आणि वर ओल्या अक्षरांवरून तळवा सरकतो. त्यात उर्दूचे नुक्ते. शाई जास्त सुटली की 'पे'खालचे तीन नुक्ते मिळून एक डाग होतो. कागद मी मुद्दाम शाळेच्या वहीचाच घेतला.

पहिलं पेन व्हिस्कोंटीचं होमो सेपियन्स. ही फ्लॉरेन्सची कंपनी, १९८८ साली सुरू झालेली. एटना ज्वालामुखीचा लाव्हा रेझिनमध्ये मिसळून या पेनाचं अंग बनवतात. हातात दगडी पाटीसारखं लागतं, घाम टिपून घेतं. निब पॅलेडियमची, फार मऊ. मराठीची शिरोरेषा एका दमात गेली. उर्दूत मात्र शाईचा पूर आला. नुक्ते एकमेकांत मिसळले आणि माझा तळवा निळा झाला.

दुसरं मोन्तेग्राप्पाचं. ब्रेन्ता नदीकाठच्या बस्सानो देल ग्राप्पा गावात १९१२ पासून पेनं बनवणारी ही कंपनी चांदीच्या कामासाठी ओळखली जाते. १९९५ साली तिनं अंगावर ड्रॅगन गुंडाळलेलं एक पेन काढलं होतं. त्याचा फोटो विद्यार्थ्यानं मोबाइलवर दाखवला. नक्षी बघत राहावी अशीच. पण असं पेन घेऊन चाळीस वह्या तपासायचा विचार माझ्या मनात येईना. त्यानं आणलेलं पेन त्यामानानं साधं होतं, तरी चांदीच्या टोपणाचं वजन मनगटाला कळत होतं.

तिसरं बोलोन्याच्या ओमासचं, बारा पैलूंचं. टेबलावरून घरंगळत नाही आणि बोटं आपोआप जागेवर बसतात. चौघांत हातात सर्वांत सुखाचं हेच. आर्मान्दो सिमोनी या कारागिरानं १९२५ मध्ये काढलेला हा कारखाना २०१६ मध्ये बंद पडला. विद्यार्थ्यानं हे पेन जुन्या बाजारातून घेतलंय. जपून परत ठेवताना म्हणाला, "हे बिघडलं तर आता पाठवायचं कुठे, सर?"

चौथं ऑरोराचं ८८. तुरीनची ही कंपनी १९१९ सालची. पहिलं ८८ मार्चेलो निझोलींनी १९४७ मध्ये घडवलं. पुढे ऑलिव्हेत्तीचा लेटेरा २२ टाइपरायटरही त्यांच्याच हातून उतरला. आताच्या ८८ मध्ये एक युक्ती आहे. शाई संपली असं वाटलं की मागची कळ फिरवायची, म्हणजे राखून ठेवलेली शाई निबेत येते आणि हातातलं लिखाण पुरं होतं. याची निब इटालिक, म्हणजे चपट्या कापाची होती. कागदावर किंचित खरखर जाणवते. व्हिस्कोंटीनंतर आधी ती खटकली, मग आवडली. पेन कुठे चाललंय ते हाताला कळत राहतं.

किंमत विचारली. शिक्षणसेवकाच्या महिन्याच्या मानधनात ते पेन बसत नव्हतं. माझ्या डोक्यात पहिला शब्द आला तो इसराफ. म्हणजे उधळपट्टी. दहा रुपयांच्या पेनानंही हजेरी लिहिली जातेच.

अब्बा पलंगावरून हे सगळं ऐकत होते. ते उर्दू साप्ताहिकात कातिब होते. पानंच्या पानं हातानं लिहायचे. कॉम्प्युटर आला आणि त्यांचं काम एका महिन्यात संपलं. आता त्यांचा हात थरथरतो. त्यांनी चारही पेनं मागून घेतली. नाव नाही, सही नाही. प्रत्येक पेनानं फक्त एक नुक्ता टेकवला. नस्तालीकमध्ये अक्षरांची मापं नुक्त्यांत मोजतात, त्यामुळे नुक्ता चुकला की अक्षर चुकलंच. तीन ठिपके गोल उमटले. ऑरोराच्या नुक्त्याला मात्र कोपरे आले होते. अब्बांनी निब डोळ्यांजवळ धरली आणि विचारलं, "इसको क़त कौन लगाया?"

बोरूचं टोक तिरकं छाटतात, त्या छाटाला क़त म्हणतात. अब्बांनी किंमत विचारली नाही, छाटणारा विचारला. विद्यार्थ्यानं सांगितलं की इटलीच्या बऱ्याच नामांकित पेनांच्या निबा जर्मनीहून येत आल्या आहेत, ऑरोरा मात्र स्वतःच्या कारखान्यात बनवते. अब्बांनी मान हलवली. "तो फिर पैसा हाथ का है."

इसराफचा माझा प्रश्न त्यानं सुटला नाही, पण थोडा बदलला. पैसे चांदीचे देतोय, नावाचे देतोय की हाताचे, हे आधी विचारायला हवं. हाताचे असतील तर ते उधळपट्टी नाहीत. तरीही मी पेन घेतलं नाही. मुलीची फी जूनमध्ये भरायची होती, आणि तो हिशेब कुठल्याही निबेनं लिहिला तरी तोच येतो.

विद्यार्थी गेल्यावर एक गोष्ट मात्र टोचत राहिली. बीएड केलं, इतकी वर्षं उर्दू शिकवली, पण अब्बांकडून क़त लावायला मी कधी शिकलो नाही. आमच्या घरातही एक कारखाना बंद पडला होता आणि त्याचा शेवटचा कारागीर माझ्यासमोर पलंगावर बसला होता.

दुसऱ्या दिवशी बोरू आणले. तीन फुकट गेले. चौथ्यानं नुक्ता टेकवून कागद अब्बांपुढे धरला. त्यांनी चष्मा पुसला, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "एक कोना और होना."