‘गॅप’ म्हणण्याआधी

अंबाजोगाई,
पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पहाटे

चि. माई,

काल फोनवर बोलता बोलता तू सहज म्हणून गेलीस, “मामा, गॅप असणार. कमरेचा एमआरआय करायला सांगितलाय. एकेक नस चाचपत बसायला वेळ कुठंय?” मी ‘बरं’ म्हणून फोन ठेवला खरा, पण रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. तुझी मामी म्हणते, त्या पोरीच्या मागं लागू नका, दिवसभर पेशंटांची रांग असते तिच्याकडं. खरं आहे. म्हणून तर लिहितोय. फोन केला असता तर ओरडलो असतो.

हा ‘गॅप’ आपल्या जिल्ह्यात कुणी आणला कुणास ठाऊक. माजलगावपासून परळीपर्यंत कुठल्याही पारावर जाऊन बस. ज्याचा पाय दुखतो त्याच्या मणक्यात गॅप! लोकांनी म्हणावं, त्यांचं काय चुकलं? पण तू म्हणावंस? नस कमरेतून निघते आणि पार अंगठ्यापर्यंत जाते. वाटेत किती बोळ, किती उंबरे लागतात तिला. दबायची तर फक्त घराच्या दारातच दबेल का ती?

तूच सांगितलंस, बाई पस्तिशीची आहे. पंधरा दिवसांपासून उजवं पाऊल लोंबतंय, चालताना फटक फटक वाजतं, चप्पल निसटते. आणि कंबर अजिबात दुखत नाही. कंबर दुखत नाही, आणि फोटो कमरेचा! माये, पंधरा दिवसांपूर्वी ती काय करत होती, एवढं तरी विचारलंस का? मी इथं बसून सांगतो. श्रावणातली खुरपणी. सकाळी उकिडवं बसायचं ते उन्हं उतरेपर्यंत, आणि बसल्या बसल्याच सरीतून पुढं सरकायचं.

सात वर्षांची असताना माझ्या टेबलावरचं हाड उचलून तू बासरी म्हणून तोंडाला लावलं होतंस, आठवतं? अक्कानं तुला दोनदा आंघोळ घातली आणि मला आठवडाभर शिव्या. तोच फिब्युला. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, जरा खाली, बोटाला जी गुठळी लागते तो त्याचा माथा. त्याच्या खालोखाल, मानेपाशी, कॉमन पेरोनियल नस हाडाला वळसा घालून पुढं येते. खाली हाड, वर कातडी, मध्ये नावाला चरबी. पुढं ती पेरोनियस लाँगस स्नायूच्या कडक कमानीखाली शिरते. माणूस तासन्‌तास उकिडवा बसला की तिथंच तिचा गळा आवळला जातो. परदेशात याला स्ट्रॉबेरी तोडणाऱ्यांचा लकवा म्हणतात. आपल्या खुरपणाऱ्या बायकांच्या नावानं मात्र कुणी काही नाव ठेवलं नाही.

आता नीट वाच. पाऊल वर उचलत नाही, हे मणक्यातही होतं आणि गुडघ्यापाशीही. पाऊल आत वळवायला सांग आणि हातानं अडव. ते वळवणारा टिबियालिस पोस्टेरिअर स्नायू कमरेतल्या एल-फाइव्ह मुळाचाच, पण त्याची नस टिबियल. ती फिब्युलाच्या वाटेनं जातच नाही. जोर शाबूत असेल तर खोट बहुधा गुडघ्यापाशी. तोही ढिला पडला, आणि कुशीवर निजवल्यावर मांडी उचलून धरता येईना, तर खुशाल कमरेकडं वळ. फिब्युलाच्या मानेपाशी बोटानं टिचकी मार. पावलावर मुंग्या गेल्या तर जागा सापडली. दोन मिनिटांचं काम आहे गं.

नस बोटाखाली दोरीसारखी जाड लागली तर मात्र तिथंच थांब. अंगावर चट्टा शोध, कापूस फिरवून बघ. महारोग संपला असं कागदावर कितीही असलं तरी या नसेवर त्याचा फार डोळा.

दाजींच्या पट्ट्याचं तर तुला सांगायला नकोच. मांडीच्या बाहेरच्या अंगाला आग, तीन वर्षं गॅपच्या गोळ्या, आणि शेवटी पट्टा दोन भोकं सैल केल्यावर बरे झाले. कमरेच्या पुढच्या हाडाशी, जांघेच्या पट्ट्याखालून नुसत्या संवेदनेची एक नस मांडीत उतरते, ती दबली होती. 1895 साली फ्रॉइडनं स्वतःच्याच मांडीच्या या दुखण्यावर लिहिलंय. दाजींना मी हे सांगितलं तर म्हणाले, मग तोही पट्टा आवळत असेल.

थट्टा सोड. मला खरी धास्ती वेगळीच आहे. पाय दुखला की गॅप, तसं ओटीपोट दुखलं की गर्भपिशवी. 2019 साली नीलम गोऱ्हे यांच्या समितीसमोर आपल्या जिल्ह्याचे आकडे आले: पाहणीतल्या 82,309 ऊसतोड बायकांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली. हे नसांमुळं झालं असं मी म्हणत नाही. त्यामागं मुकादमाची उचल आहे, खाडा आहे, पाळीचे दिवस आहेत, फडात नसलेलं न्हाणीघर आहे. पण प्युडेंडल नस बसायच्या हाडाच्या आतून, आल्कॉकच्या कालव्यातून जाते, तिथं दबली की खालचं अंग जळतं. बसल्यावर जास्त, उभं राहिलं की कमी. ‘बाई, बसल्यावर वाढतं का?’ हा प्रश्न कितीजणींना विचारला गेला असेल? आणि खालून ऑपरेशन करताना पाय टांगतात, तेव्हा फिब्युलाची हीच मान दांड्याला टेकून नस चेपली जाते. तुझ्या बाईचं एवढ्यात असं काही झालंय का, तेही विचार.

तुला बोलायचा मला काय अधिकार? माझ्या डॉक्टरकीच्या पहिल्या वर्षी कुल्ल्यात सुई घेतल्यापासून पाय ओढणारा एक पोरगा आला होता. सायटिकला सुई लागली होती, आणि मी त्याच्या आईला ‘अशक्तपणा आहे’ म्हणून टॉनिक दिलं. शरीररचना शिकवताना मुलांना तीच नस दोरा बांधून रोज दाखवणारा मी! परवा तो स्टँडवर दिसला, बूट आणि पट्टी घालून. त्यानं ओळखलं नाही, मी ओळखलं.

या बाईचं अजून हातात आहे. नस नुसती चेपली असेल तर काही आठवड्यांत सुधारेल. तंतू तुटले असतील तर दिवसाला साधारण एक मिलिमीटर, म्हणजे महिनोन्‌महिने. तोवर पाऊल तोलायला पट्टी, आणि उकिडवं बसणं एकदम बंद. पण बंद कसं करणार ती? दसरा झाला की ऊसतोडीची टोळी निघेल. उचल घरात खर्चूनही झाली असेल. लोंबत्या पावलानं मोळी डोक्यावर घेऊन ती फळीवरून ट्रकवर चढणार, हेच मला रात्रभर दिसत होतं.

एमआरआयला तिचे पैसे घालवू नकोस, निदान आत्ताच नको. शनिवारी सकाळच्या एसटीनं मी माजलगावला येतोय. बाईला त्या दिवशी बोलावून ठेव, आणि नवऱ्यालाही. मुकादमाशी कसं बोलायचं ते त्याच्याशी बसून ठरवू.

तुझा
मामा