खोकल्याचे दुसरे घर

दमेकऱ्याचा खोकला नेहमी छातीतूनच निघतो असे नाही. आम्ही स्वतः दमेकरी. रात्री दोनच्या सुमारास झोपेतून उठविणाऱ्या आमच्या कोरड्या खोकल्याची चौकशी करता करता डॉक्टरांनी पोटाकडे बोट दाखविले, तेव्हा आम्हांस नवल वाटले.

अन्ननलिका जठराला मिळते तेथील स्नायूंचे कडे सैल पडले की जठरातील आम्ल वर चढते. त्याचा अंश श्वासनलिकेत उतरला तर खोकला येतोच. परंतु ते नुसते अन्ननलिकेला झोंबले तरी दोन्ही नलिकांना सांभाळणाऱ्या एकाच मज्जातंतूमार्फत श्वासनलिका आक्रसू शकते. पुन्हा खोकल्याच्या दाबाने आम्ल आणखी वर येते! दम्यावरील जुने थिओफिलिन हे औषधही ते कडे सैल करते. आता बोला.

भरल्या पोटाचा आणि दम्याचा संबंध विल्यम ऑस्लर यांनी शतकापूर्वीच आपल्या वैद्यकग्रंथात नोंदविला होता. तरीही, आम्ल कमी करणारी गोळी घेतली की दमा हटेल, असे मात्र नाही. ज्यांना जळजळ नाही वा नाममात्र आहे अशा ४१२ दमेकऱ्यांवरील अमेरिकेतील अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यात या गोळीने दम्याला उतार पडला नाही. जळजळ असणाऱ्यांची गोष्ट निराळी. ती डॉक्टरांवर सोपवावी.

पथ्य तसे सोपे. जेवण आणि झोप यांत तीन तासांचे अंतर, पलंगाची डोक्याकडील बाजू सहा-आठ इंच उचललेली, निजणे डाव्या कुशीवर. (उशांची चळत रचू नये, त्याने पोट दुमडते.) अवघड आहे ते माणसांत राहून पथ्य पाळणे. सणाचे ताट रात्री दहाला वाढले जाते, त्यात इंदियाल. घरभेटीत पाचव्या घरीही चहा पुढे येतो, आणि “फादर, आमच्या घरचं चालत नाही का?” या प्रश्नापुढे कोणते वैद्यकशास्त्र टिकणार? आम्ही हल्ली कोमट पाणी मागतो. काही घरे रुसली आहेत.

आमच्या धर्मग्रामातील एक वृद्ध भगिनी याच दुखण्यामुळे मिस्साला व्हरांड्यातच उभ्या राहत. २०२० च्या महामारीपासून खोकणाऱ्याकडे वळणाऱ्या नजरा त्यांना सोसवत नसत. उपवास मोडेल म्हणून सकाळची गोळीही त्या टाळीत. वास्तविक पाणी व औषध यांनी ख्रिस्तप्रसादापूर्वीचा उपवास मोडत नाही, आणि वृद्ध व आजारी यांना तर त्यातून सूटच आहे. आम्ही त्यांना बाजूच्या दारालगतचे बाक दिले आहे. गेल्या रविवारी प्रवचनात त्यांना दोनदा उबळ आली. आम्ही थांबलो, त्यांनी पाण्याचा घोट घेतला, मग पुढे वाचले.