माशांचे सोवळे

छंद असावा, पण तो शेजाऱ्याला असावा, असे माझे फार दिवसांचे मत आहे. शेजाऱ्याने गुलाब लावावेत, आपण गॅलरीतून पाहावेत. शेजाऱ्याने सतार शिकावी आणि आपण, फारच झाले तर, खिडकी लावून घ्यावी. पण घरात मुलगी मोठी होऊ लागली की बापाची मते टिकत नाहीत. आमच्या कन्येने दहाव्या वर्षी समुद्र मागितला आणि तो आम्ही आणला.

आमची खराडी म्हणजे पुण्याचे पूर्वेचे टोक. एका अंगाला मुळा-मुठेचा प्रवाह, दुसऱ्या अंगाला काचेच्या उंच इमारती. समुद्र येथून शंभरावर किलोमीटर दूर आणि मध्ये सह्याद्री आडवा पडलेला. तरीही आमच्या दिवाणखान्यात तीन फूट लांबीचा समुद्र आहे. शुद्ध पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम खास मीठ विरघळवले की तो तयार होतो. स्वयंपाकघरातल्या मिठाचा समुद्र होत नाही, हे ज्ञान मला या निमित्ताने झाले.

या समुद्रात केशरी अंगावर पांढरे पट्टे मिरवणारे दोन क्लाउनफिश राहत. मोठी मैना, धाकटा राघू. मे महिन्यातल्या एका सकाळी राघूच्या कल्ल्यांवर आणि परांवर मिठाचे कण चिकटल्यासारखे ठिपके दिसले. मैना तर तळाशी जाऊन धापा टाकत होती. दुकानदाराने एक बाटली दिली आणि "थेंब टाका, होईल बरं," असा आशीर्वाद दिला. सुदैवाने कन्येने बाटलीवरचा मजकूर वाचला. औषध तांब्याचे होते. तांब्याने माशांवरचा जंतू मरतो हे खरे. पण त्याच टाकीत राहणारे शंख आणि प्रवाळ त्याच्या आधी मरतात. बाटली कपाटात गेली.

या रोगाची कुळकथा मोठी मौजेची आहे. मुंबईत मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली उघडले आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्यांनी तेथे काचेआडचा समुद्र पाहिला. योगायोग असा, की त्याच १९५१ साली ब्राउन या संशोधकांनी काचेआडच्या समुद्राच्या या शत्रूचे बारसे केले. नाव ठेवले क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स. वर्गात हजेरी घेताना असले नाव आले तर मी त्या विद्यार्थ्याला नंबरानेच हाक मारीन.

हा एकपेशी पाहुणा माशाच्या कातडीखाली घुसतो, तीन ते सात दिवस यथेच्छ जेवतो आणि मग यजमानाला सोडून खाली पडतो. आपल्याला वाटते, ठिपके गेले, मासा बरा झाला. प्रत्यक्षात पाहुणा वाळूत, काचेवर, जाळीच्या धाग्यावर कवच करून बसलेला असतो. त्या कवचात एकाचे शेकडो होतात. ते बाहेर पडले की एखाद्या दिवसात त्यांना मासा गाठावाच लागतो, नाही तर ते मरतात. म्हणजे खरी लढाई माशाच्या अंगावर नसतेच. ती भांड्यांवर असते.

यावर १९८७ साली कोलोर्नी या शास्त्रज्ञाने एक उपाय मांडला. मासे दर तीन दिवसांनी नव्या, कोरड्या टाकीत ताज्या पाण्यात हलवायचे. असे चार वेळा, बारा दिवसांत. गळून पडलेले जंतू जुन्या टाकीत राहतात आणि त्यांची पिल्ले बाहेर येईपर्यंत मासे पुढच्या गावी पोहोचलेले असतात. औषध नाही, काही नाही. नुसती बिऱ्हाडे बदलायची. पुण्यातल्या भाडेकरूला हे शास्त्र समजावून सांगण्याची गरज नाही.

मात्र सारे यश धुण्यावर. आम्ही प्लास्टिकचे दोन टब आणले. जाळी, हीटर, हवेची नळी, वाटी, सारे दोन-दोन. रिकाम्या झालेल्या टबातले सर्व सामान एक भाग बिनवासाचे ब्लीच आणि नऊ भाग पाणी अशा मिश्रणात तासभर बुडवायचे. नंतर चांगले खळबळायचे, क्लोरीन मारणाऱ्या औषधाच्या पाण्यातून काढायचे. हे औषध म्हणजे जुने फोटोग्राफर ज्याला 'हायपो' म्हणत तेच. शेवटी सारे गच्चीवर उन्हात खडखडीत वाळवायचे. क्षाराचे थर काढायला व्हिनेगर चालते, पण ते निराळ्या वेळी, निराळ्या भांड्यात. ब्लीचशी त्याची गाठ पडली तर विषारी वायू सुटतो. स्पंज आणि बुडबुड्यांचा सच्छिद्र दगड यांच्या पोटात काय दडले आहे याचा भरवसा नाही. ते सरळ टाकून द्यायचे.

हे नियम कन्येने वाचून दाखवले तेव्हा मी आणि सौ. गोंधळून गेलो. आई मात्र शांतपणे म्हणाली, "अगं, हे सोवळंच की!"

आईचे बालपण सदाशिव पेठेतल्या वाड्यात गेले. ओल्या हाताने कशाला शिवायचे नाही, वाळत घातलेले काठीने उचलायचे, या भांड्यातला पळा त्या भांड्यात घालायचा नाही, हे तिच्या अंगात मुरलेले. त्या दिवसापासून कारभार तिच्याकडे गेला. कोपरापर्यंत हात धुऊन पुसल्याशिवाय टबाजवळ जाण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती. मी एकदा पहिल्या टबातली जाळी दुसऱ्याकडे नेऊ लागलो, तर तिने दारातूनच मला थांबवले.

मैना दुसऱ्याच दिवशी गेली. कन्या रडली नाही. तिने फक्त राघूचा टब आपल्या अंथरुणाशेजारी ओढून घेतला. बाराही दिवस ती त्याला हाताने भरवायची आणि आजीच्या देखरेखीखाली हात धुवायची. तिसऱ्या स्थलांतराच्या संध्याकाळी आई टबाकडे बघत असताना म्हणाली, "आम्हाला महिन्याचे चार दिवस बाजूला बसवायचे. ताट वेगळं, पाणी वरून घालायचं. या माशाच्या अंगावर निदान किडा तरी होता. आमच्या अंगावर काय होतं रे?"

मी वीस वर्षे मराठी शिकवतो. विटाळ शब्दाच्या छटा मला सांगता आल्या असत्या. मी काही बोललो नाही.

पुण्याला ही गोष्ट नवी नाही. १८९७ च्या प्लेगात हे शहर निर्जंतुकीकरणाने पोळले. रोग खराच होता, पण घरे तपासणाऱ्यांनी माणसांची जी विटंबना केली तिची आठवण रोगापेक्षा जास्त टिकली. स्वच्छता जंतूला शोधते. तिरस्कार जंतूचे नाव घेऊन माणसाला शोधतो. दोघांचे पोशाख इतके सारखे, की फरक ओळखायला आमच्या घरात एक मासा आजारी पडावा लागला. त्या टबात सर्वांत आजारी जीवाला सर्वांत जवळ घेतले होते. शिवाशीव होती ती जाळीची.

आमच्या इमारतीत घरकामाच्या बायकांसाठी वेगळ्या लिफ्टची पाटी आहे. हल्ली आई आमच्या कामाच्या बाईंना हाताशी धरून मोठ्या लिफ्टने वर आणते. कोणी पाहिले, तर तीच पाहणाऱ्याकडे पाहते.

राघू बरा झाला. मोठी टाकी ७६ दिवस माशाविना ठेवावी, असे जाणते शौकीन सांगतात. यजमान न मिळाल्याने उशिरा फुटणाऱ्या कवचांतले जंतूही मग संपतात. आम्ही दिवस मोजले. क्लाउनफिशची एक गंमत कन्येने मला सांगितली, जन्मतः ते सारे नर असतात आणि मादी गेली की तिचा नर हळूहळू मादी होतो. म्हणजे आमच्या राघूची आता मैना होणार. नाव बदलायचे का, असे मी विचारले. आई म्हणाली, "त्याला विचारा."