सात वेळा

आमच्या घरात कुत्रा कधी अंगण ओलांडून आत आला नाही. आम्ही कोकणातले शाफई. कुत्र्याची लाळ किंवा त्याचं ओलं अंग लागलं, तर ती जागा सात वेळा धुवायची, त्यातली एक वेळ माती लावून. दादीने हे मला नमाजच्या आधी शिकवलं होतं. हनफींकडे तीन वेळा धुणं पुरतं आणि नापाक मानतात ती लाळ, हे बी. एड. करताना वसतिगृहातल्या सोलापूरच्या मैत्रिणीकडून कळलं. तोवर भीती अंगात मुरली होती. त्यातला मसला कुठला आणि भीती कुठली, हे वेगळं करता येत नव्हतं. वर्गात पितरस बुखारींचा ‘कुत्ते’ शिकवताना मुलांबरोबर मीही हसायची. पण रस्त्यात कुत्रा दिसला की त्याच मुलांना पुढं घालून चालायची.

2019 च्या मार्चमध्ये होळीच्या सुटीला रजा जोडून आम्ही दोघं हिमाचलात मामेभावाकडे गेलो. तो फौजेत, तेव्हा धर्मशाळेजवळ योल छावणीत होता. त्याने त्रिउंडचा बेत आखला. मॅक्लिओडगंजच्या वर गल्लू देवीच्या देवळापासून पायवाट निघते आणि सुमारे 2,850 मीटर उंचीवरच्या माळावर पोचते. समोर धौलाधारची पांढरी भिंत.

आपल्याकडे मार्चमध्ये कैऱ्या धरतात, घाम निथळतो. तिथं वसंत नुकता उंबऱ्याशी आलेला. बुरांशच्या झाडांवर लालभडक फुलं आणि खाली मळकट बर्फ. उन्हातल्या वळणावर घोट्यापर्यंत चिखल, सावलीतल्या वळणावर दगडांवर काचेसारखा गोठलेला थर. भाऊ म्हणाला, “आपा, सकाळी बर्फ कडक असतो. दुपारनंतर भुसभुशीत होतो, मग पाय गुडघ्यापर्यंत आत जातो. लवकर जाऊन लवकर उतरायचं.” यांचा गुडघा दुखत होता, ते देवळाजवळच्या चहाच्या टपरीवरच थांबले.

त्या टपरीवरूनच एक काळा, दाट केसांचा कुत्रा आमच्यामागे निघाला. मी छत्री उगारली. टपरीवाला हसला, “जाऊ द्या, बहनजी. रोज कुणाबरोबर तरी वर जातो, बिस्किट खातो, संध्याकाळी परत येतो.” गद्दी धनगर कळपाच्या कुत्र्यांच्या गळ्यात बिबट्यापासून बचावासाठी लोखंडी काट्यांचा पट्टा घालतात, हे भावाने सांगितलं. याच्या गळ्यात काहीच नव्हतं. मी भावाला मध्ये ठेवून चालू लागले.

तासाभराने कुत्रा पुढं गेला. बर्फ लागला की तो मध्येच बसून पंजे चावायचा. बोटांमधल्या केसांत बर्फाचे खडे होत होते. एका सावलीतल्या वळणावर तो मळलेली वाट सोडून डोंगराच्या कडेने, गवताच्या झुपक्यांवरून गेला. भाऊ त्याच्यामागे गेला. मी मात्र शहाणपणाने वाटेवरूनच पाऊल टाकलं. पाय सटकला. बाजूला दरी होती. हाताला जे लागलं ते धरलं. ती त्याची मान होती. तो चार पाय रोवून उभा राहिला. भावाने ओढून घेईपर्यंत मी ती सोडली नाही.

माळावर पोचलो तेव्हा जोहरची वेळ झाली होती. माझे हात, बाही, सलवार, सगळं त्याच्या ओल्या अंगाने माखलेलं. मी ओशाळून भावाकडे पाहिलं. तो म्हणाला, “आपा, माती तर इथं हवी तेवढी आहे.”

वितळत्या बर्फाच्या ओहळाशी मी धुवायला बसले. एक, दोन, तीन... आणि पाचवीतला तो मुलगा आठवला. आदल्या पावसाळ्यात त्याने भिजलेलं पिल्लू सदऱ्याखाली लपवून शाळेत आणलं होतं. मी त्याला सगळ्या वर्गासमोर नळाखाली उभं केलं. “सात वेळा,” म्हणाले. मुलांनी मोठ्याने आकडे मोजले. पिल्लू फाटकाबाहेर ठेवलं गेलं. दुसऱ्या दिवशी ते तिथं नव्हतं. तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्याला अल्लाहने माफ केलं, ही बुखारी शरीफमधली हदीस त्याच वर्गाला मी शिकवली होती.

मसला खरा होता, आजही मी तो पाळते. पण तो धुण्याचा मसला होता, हाकलण्याचा नव्हे. मी तो शिक्षा म्हणून वापरला होता.

दोन रकात कसर पढले. ओल्या कपड्यांत दात वाजत होते. सलाम फेरला तेव्हा थोड्या अंतरावर तो पुढचे पाय पसरून बसला होता. सूरह कहफमधल्या गुहेच्या तोंडाशी बसलेला कुत्रा मी किती जुम्म्यांना वाचला असेन! डब्यातल्या दोन पोळ्या त्याच्यापुढं ठेवल्या.

परतल्यावर मधल्या सुटीत त्या मुलाला बोलावलं. डोंगरावरचं सगळं सांगितलं. माझी चूक झाली, असंही म्हणाले. तो खाली बघत ऐकत होता. मग हळूच म्हणाला,

“बाजी, आपने भी सात बार धोया?”

“हां.”

“किसी ने गिना?”

मला उत्तर देता आलं नाही.