मागच्या सीटवर

मुलानं गाडीच्या डिकीत सबवूफरचा डबा बसवला आणि आमची चुडावा-नांदेड वाट धडधडू लागली. सासूबाई मागच्या सीटवर गप्प बसायच्या. मला वाटे, डुलकी लागली असेल. परवा नांदेडला उतरताना हळूच म्हणाल्या, "सूनबाई, अभंग छातीत आदळतो गं, शब्द कानात येत नाहीत. पुढच्या खेपेला मी आपली रेल्वेनंच येईन. पोराला बोलू नकोस हं."

माझ्या काळजात चर्र झालं. संध्याकाळी लेकाला गाडीत बसवलं. म्हटलं, "बाबा रे, आमटीला मीठ हवं, पण मिठाची आमटी नको!" तो हसला. आधी बेस बूस्ट बंद केला, वूफर शून्यावर आणला. पुढच्या स्पीकरवर शब्द स्वच्छ ऐकू येईतो आवाज लावला. वूफरकडे 80 हर्ट्‌झच्या खालचेच सूर जातील अशी फिल्टरची चावी फिरवली. मग गेन अगदी जरा जरा वाढवला. ठेका डिकीतून येतोय असं वाटताच थोडा मागे घेतला.

रविवारी चुडाव्याला सोडायला निघालो, तर सासूबाई मागे चक्क गुणगुणत होत्या! आवाज लावताना मागच्या सीटवरही बसून पाहावं, हे आम्हां मायलेकरांना जरा उशिराच कळलं.