निरुद्योगी

उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत मी एकोणीस वर्षे स्टोअर सांभाळले. पिग आयर्न, स्क्रॅप, मोल्डिंगची वाळू, कुठली गाडी किती टन घेऊन आली हे आजही झोपेत सांगेन. मार्च 2020 च्या टाळेबंदीत भट्टी विझली. पुढे आजूबाजूच्या शेडमधून आवाज येऊ लागले, आमच्याकडे मात्र पाच-सहा जणांनाच बोलावणे आले. बाकीच्यांना 'कळवतो' म्हणाले, आणि जुलैअखेर कळवले की, हिशेब घेऊन जा.

पगारचिठ्ठीत ईएसआयचा एक रकाना असे. माझ्या चौदा हजारांतून 1.75 टक्क्याने 245 रुपये जात. जुलै 2019 पासून दर 0.75 वर आला, तेव्हापासून 105. मालक आपला वाटा वेगळा भरत असे. हा पैसा दवाखान्याचा, एवढीच आमची समजूत. मुलाचा टायफॉइड अशोकनगरच्या इस्पितळात बरा झाला, तेव्हा सगळे वसूल झाले असे मी धरून चाललो होतो.

त्याच पैशावर नोकरी गेली तरी काही मिळते, हे मला सांगितले आमच्या एका मोल्डरने. सातवी शिकलेला, तोही कन्नड शाळेत. मी पडलो पदवीधर! अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना, 1 जुलै 2018 पासूनची. आधी सरासरी रोजाच्या पंचवीस टक्के मिळत. 24 मार्च 2020 नंतर काम गेलेल्यांसाठी ते पन्नास टक्के केले होते, जास्तीत जास्त नव्वद दिवस, आणि तेही आयुष्यात एकदाच. 2005 ची दुसरी एक योजना होती, जास्त महिन्यांची, पण तिला कारखाना बंद झाल्याचा किंवा रीतसर कपातीचा आधार लागे. आमच्याकडे तसे कुणी लिहूनच दिले नाही.

सरासरी काढायची रीत मात्र माझ्यातल्या स्टोअरकीपरला आवडली. मागच्या चार अंशदान-कालखंडांची कमाई, भागिले 730. कालनिर्णयच्या मागच्या बाजूला हिशेब मांडला. रोज 460, निम्मे 230, नव्वद दिवसांचे 20,700.

"सरकारपुढे हात पसरायची पाळी आली काय रे बाळा?" आई म्हणाली.

बायको स्वयंपाकघरातूनच म्हणाली, "हात कसला पसरायचा? कापून घेतलेत न्हवं अहो तुमच्या पगारातनं?"

दोघींचे ऐकून मी दोन दिवस गप्प बसलो. तिसऱ्या दिवशी अर्ज भरला. त्या वेळी वीस रुपयांच्या मुद्रांकावर प्रतिज्ञापत्र द्यावे लागे, म्हणून कचेरीजवळच्या टायपिस्टकडे गेलो. मजकूर इंग्रजीत ठरलेला. पण सहीआधी तो कन्नडमधून समजावून सांगायचा त्याचा रिवाज होता. बोट ओळीवर ठेवून तो म्हणाला, "नीवु ईग निरुद्योगी."

माझा जन्म बेळगावचा. हा शब्द मी कन्नड वर्तमानपत्रांत शेकडो वेळा वाचला असेल. कन्नडमध्ये उद्योग म्हणजे नोकरीसुद्धा. ती नसली की माणूस निरुद्योगी, त्यात त्याचा दोष नाही. पण त्या दिवशी कान मराठीच झाला. आमच्या घरी निरुद्योगी म्हणजे कट्ट्यावर बसून दिवस घालवणारा, आजी ज्याला ताटावरून उठवायची तो. उद्यमबागेत एकोणीस वर्षे घालवलेल्या माणसाने शपथेवर हे लिहून द्यायचे!

"मी निरुद्योगी नाही," मी म्हणालो. "माझी नोकरी गेलीय."

त्याने चष्म्यावरून पाहिले. "तेच की हो, सर. दोन्ही एकच."

मागे चार माणसे उभी होती. मी सही केली. (पुढे नोव्हेंबरमध्ये प्रतिज्ञापत्राची अटच काढून टाकली.)

कारखान्याने नोंदवलेल्या माझ्या नावात एक इंग्रजी अक्षर कमी होते, त्यापायी दोन हेलपाटे झाले. दिवाळीच्या सुमारास पैसे खात्यात आले. हिशेबात दहा-बारा रुपयांचा फरक पडला, तो माझाच, मी अपूर्णांक सोडून दिले होते.

पेढे नव्हे, पण बातमी घेऊन मोल्डरकडे गेलो. तो घरी नव्हता, कोपऱ्यावर भाजीची हातगाडी लावून उभा होता. त्याचे झाले नव्हते. तो कंत्राटदाराकडचा. पगारातून ईएसआय दरमहा कापत होते, पण नोंदीत सहा महिन्यांचे 78 दिवससुद्धा भरत नव्हते, आणि तेवढे भरल्याशिवाय दावा उभा राहत नसे. तक्रार करता येते, कामाचे पुरावे द्यावे लागतात. त्याला एकही पगारचिठ्ठी कधी मिळाली नव्हती. हातात रोकड, बस्स.

"माझ्याकडची इनवर्ड वही साक्षीला चालेल का बघू," मी म्हणालो. वह्या कारखान्यात, आणि फाटकाला कुलूप, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते.

मी दोन किलो बटाटे घेतले. त्याने तराजू नीट झुकू दिला, पैसे घेतले, सुटे परत दिले.

"सर, तुमचे आले न्हवं?"

"आले."

किती आले ते त्याने विचारले नाही. वरून चार हिरव्या मिरच्या पिशवीत टाकल्या.