ऐकण्याचे तास

आमच्या लेकीने वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी पुन्हा दप्तर घेतले. संगणकातली चांगली पंधरा वर्षांची नोकरी सोडली आणि अमेरिकेत ओहायोतल्या एका विद्यापीठात समुपदेशनाच्या पदव्युत्तर वर्गात नाव घातले. २०२३ च्या दिवाळीत तिने ही बातमी फोनवर दिली, तेव्हा मी चिवड्याचे पोहे परतत होते. ते करपले, एवढे मला पक्के आठवते.

मी म्हटले, "अगं, दुसऱ्याची गाऱ्हाणी ऐकायला पदवी कशाला लागते? आपल्या वाड्यात नळावर काय कमी ऐकून घेत होत्या बायका?"

ती हसली. म्हणाली, "आणि संध्याकाळपर्यंत ते किती घरांत पोचत होतं, ते आठव."

याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. आमच्या वाड्यात माडीवरच्या काकूंकडे कोणीही मन मोकळे करावे, त्यांनी डोळ्यांना पदर लावून ऐकावे आणि दिवेलागणीच्या आत ते जिन्याखालच्या बिऱ्हाडालाही ठाऊक व्हावे, अशीच रीत होती. काकू वाईट नव्हत्या. ऐकलेले पोटात ठेवायचे असते, हे त्यांना कोणी शिकवलेच नव्हते.

पुढच्या वर्षी, २०२४ च्या जुलैत, मी सहा महिन्यांसाठी लेकीकडे गेले. घरात मी, जावई, नात आणि टेबलभर पसरलेली तिची पुस्तके. मी जन्मभर शिक्षिका. कोणाचा अभ्यासक्रम समोर पडलेला दिसला की वाचल्यावाचून राहवत नाही. साठ श्रेयांकांचा अभ्यास. त्यात सर्वांना सक्तीचे असे आठ विषय : व्यवसायाची नीती, समाज आणि संस्कृती, माणसाची बालपणापासून म्हातारपणापर्यंतची वाढ, नोकरी-व्यवसायाची निवड, प्रत्यक्ष समुपदेशनाची रीत, गटाबरोबरचे काम, चाचण्या आणि संशोधन. एवढे झाले की शाखा.

शाखांची यादी वाचताना मला जत्रेतल्या दुकानांची आठवण झाली. मनाच्या आजारांची एक शाखा, व्यसनांची दुसरी, नवराबायको आणि कुटुंब यांची तिसरी. अपघाताने किंवा आजाराने हात, पाय, दृष्टी गमावलेल्या माणसाला पुन्हा कामाधंद्याला लावणारी आणखी एक. महाविद्यालयातल्या मुलांसाठी वेगळी, शाळेतल्यांसाठी वेगळी. सगळ्या शाखा सगळीकडे नसतात. बहुतेक विद्यापीठे दोन-तीनच शिकवतात. नवराबायकोच्या भांडणासाठी स्वतंत्र शाखा हे पाहून जावई म्हणाले, "आई, यात तुमचा अनुभव जास्त." मी त्यांच्याकडे पाहिले नाही.

नोकरीची वाट दाखवणारी शाखा मात्र मला आवडली, कारण या साऱ्या विद्येचे मूळ तिथे आहे. फ्रँक पार्सन्स नावाच्या गृहस्थाने १९०८ साली बॉस्टनमध्ये गरीब तरुणांसाठी एक कचेरी उघडली. कोणाला कोणते काम जमेल, हे त्या तरुणालाच नीट विचारून ठरवायचे, ही त्याची कल्पना. त्याच वर्षी तो वारला आणि त्याचे पुस्तक १९०९ साली त्याच्या मागे निघाले. शाळेच्या शाखेची हकीकत याहून मजेची. १९५७ साली रशियाने स्पुतनिक आकाशात सोडला आणि अमेरिकेची झोप उडाली. १९५८ साली तिथल्या काँग्रेसने कायदा केला, आणि शास्त्रात चमकतील अशी मुले हुडकायला हवीत म्हणून शाळांतले समुपदेशक तयार करण्यासाठी पैसा दिला. वर रशियाचा गोळा फिरला आणि खाली ओहायोतल्या एखाद्या पोराचे म्हणणे ऐकायला शाळेत माणूस आला. सरकारच्या हातून चांगली कामे कधी कधी अशा आडवाटेनेही होतात.

लेकीने अर्जात मनाच्या आजारांची शाखा लिहिली होती. या शाखेत मान आहे, स्वतंत्र व्यवसाय करता येतो. पण वाट लांबची. पदवी मिळाली म्हणून कोणी दार उघडून बसू देत नाही. राज्याची परीक्षा द्यायची, आणि स्वतंत्रपणे काम करण्याचा परवाना हवा तर ओहायोत त्यानंतर तीन हजार तास दुसऱ्याच्या देखरेखीखाली काम करायचे. तेही दोन वर्षांच्या आत उरकायचे नाहीत. प्रत्येक राज्याचे नियम निराळे. असा परवाना देण्याचा पहिला कायदा व्हर्जिनियाने १९७६ साली केला आणि शेवटचा कॅलिफोर्नियाने २००९ साली.

मी गेले त्या सुमारास तिचा पहिला सराव सुरू होत होता. शंभर तास. त्यांपैकी निदान चाळीस तास खऱ्या माणसासमोर बसायचे. उरलेले टिपणे, तयारी आणि मार्गदर्शन यांत. तिने एक जाड वही केली होती. तीत रोज तास लिहायची आणि प्रत्यक्ष तासांवर लाल खूण करायची. त्या वहीकडे पाहून मला माझी टाचणवही आठवली. १९७४ साली मी बी.एड. केले. तेव्हा आम्हालाही सरावाचे पाठ घ्यावे लागत. आदल्या रात्री टाचण काढायचे, सकाळी परक्या शाळेत उभे राहायचे आणि मागच्या बाकावर निरीक्षक बसलेले. पोरांना सगळे माहीत असे. ती आमच्यापेक्षा निरीक्षकांकडेच जास्त बघत.

लेकीचा निरीक्षक बाकावर बसत नसे. समोरच्या माणसाची लेखी संमती घेऊन संभाषण मुद्रित करायचे, आणि दर आठवड्याला तासभर मार्गदर्शक बाईंसमोर ते वाजवायचे. घरी ती ते कानाला यंत्र लावून, दार लोटून ऐकत असे. मी चहा घेऊन गेले की ताबडतोब बंद करी. मला फार राग आला. मी काय माडीवरची काकू आहे? पण नियम म्हणजे नियम. नाव नाही, गाव नाही, स्त्री की पुरुष तेही नाही. ही गुप्तता मोडायची ती मोजक्या प्रसंगी : जिवाला धोका असेल तर, किंवा एखाद्या मुलाचा छळ होतो आहे असे कळले तर. तेव्हा मात्र वर कळवलेच पाहिजे. गप्प राहणे हाच गुन्हा.

एकदा ती स्वयंपाकघरात आली ती चेहरा पाडूनच. मार्गदर्शक बाईंनी तिच्या एका संभाषणात सात ठिकाणी खूण केली होती. सातही ठिकाणी शेरा एकच : इथे तुम्ही गप्प राहायला हवे होते.

"म्हणजे बोलायचं नाही, हेच शिकायचं?" मी विचारले.

"सल्ला द्यायचा नाही, आई. पहिल्या दिवसापासून तेच सांगतात. आपल्याकडचा शब्दच बघ ना, समुपदेशन. त्याच्या पोटात उपदेश बसलाय, आणि तोच तेवढा करायचा नाही!"

मी हसले खरी, पण हातातली कोथिंबीर तशीच राहिली. माझ्या टाचणवहीतल्या एका पाठाखाली निरीक्षकांनी लिहिलेला शेरा पन्नास वर्षांनी जसाच्या तसा डोळ्यांपुढे आला : 'फळ्यावरील अक्षर सुवाच्य. प्रश्न विचारल्यावर उत्तरासाठी थांबत नाही.'

त्या वर्षी दिवाळी तिथे कामाच्या दिवशी आली. संध्याकाळी जावई नातीला घेऊन बाहेर गेले होते, आणि आम्ही दोघी टेबलावर करंज्या करत होतो. मी लाटत होते, सारण भरत होते. ती कातणीने कापत होती. मी म्हटले, "तुला एक सांगायचंय."

तिने माझ्याकडे पाहिले. माझ्या आवाजात काही असावे. म्हणाली, "आई, मी तुझी समुपदेशक होऊ शकत नाही हं. घरच्या माणसाचं करायचं नाही, असा नियमच आहे."

"नको होऊस. करंज्या काप," मी म्हटले, आणि सांगितले.

१९८३ साल. तालुक्याच्या गावी मी नववीला गणित शिकवत होते. वर्गात बासष्ट मुले. त्यांत एक मुलगी होती. हुशार म्हणावी अशी नव्हे, पण भूमितीत तिचा हात चांगला चाले. शाळा सुटली की ती मागे राही आणि ओल्या फडक्याने फळा पुसून देई. कोणी सांगितले नव्हते. दिवाळीच्या सुट्टीआधी मी सहामाहीचे पेपर तपासत बसले होते. ती फळा पुसत होती. पुसलेला फळा पुन्हा पुसत होती, हे मला तेव्हाही दिसले होते. मग म्हणाली, "बाई, घरी पाहुणे येणार आहेत."

मी मान वर न करता म्हटले, "मग लवकर जा, आईला मदत कर. आणि सुट्टीत प्रमेयं विसरू नकोस."

ती "हो बाई" म्हणाली आणि फडके पिळून, वाळत घालून गेली.

पाहुणे म्हणजे कोण, हे मराठी माणसाला सांगायला नको. मलाही कळायला नको होते असे नाही. सुट्टीनंतर तिची जागा रिकामी. तुळशीची लग्ने झाली आणि पहिल्याच मुहूर्तावर तिचेही झाले. पंधरा पुरी होऊन सोळावे लागले होते. कायद्याने तेव्हाही अठरा वर्षे लागत. १९७८ साली तशी दुरुस्ती झाली होती आणि मी नागरिकशास्त्राच्या तासाला ती मुलांना शिकवलीही होती. दोन-तीन वर्षांनी ती मला एस.टी. स्टँडवर दिसली. कडेवर मूल होते. वाकून नमस्कार केला, "बाई, बऱ्या आहात ना?" म्हणाली, आणि गाडी लागली तशी गेली.

मी थांबले. लेक काही बोलली नाही. बराच वेळ बोलली नाही. कातणी तिच्या हातात तशीच होती. मग हलकेच म्हणाली, "तिनं ते तुलाच का सांगितलं असेल, असं वाटतं तुला?"

मी एकदम चिडले. "हा वर्गातला प्रश्न माझ्यावर नको चालवूस!"

"वर्गातला नाही गं," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होते. "मी पण घरी असंच काही सांगायला यायची आणि तू पेपर तपासत असायचीस."

हे मला ठाऊक नव्हते. म्हणजे ती येत असे हे ठाऊक होते. काही सांगायला येत असे, हे नव्हते. आम्ही दोघीही पुढे बोललो नाही. उरलेल्या करंज्या झाल्या, तळल्याही. एकीचे तोंड नीट दाबले गेले नव्हते. ती तेलात फुटली आणि सगळे सारण कढईभर झाले.

नंतर भांडी पुसताना तिने सांगितले, की तिथल्या शाळेत हे कानावर आले असते तर समुपदेशकाला कळवावेच लागले असते. मी म्हटले, कोणाला कळवणार होते मी? मुख्याध्यापक त्या लग्नाच्या पंगतीत होते. पण हे उत्तर मी स्वतःला चाळीस वर्षे देत आले आहे, आणि ते मला कधीच पुरलेले नाही. कळवण्याची गोष्ट फार पुढची. मान वर करायला कोणाची परवानगी लागत होती?

डिसेंबरात मी परत आले. जानेवारीत तिने शाखा बदलून शाळेची घेतली. दोन-तीन विषय जास्तीचे करावे लागले; त्यांच्या शुल्काचा हिशेब जावयांनी मला फोनवर पैशापर्यंत ऐकवला, पण अडवले नाही. या शाखेचा परवाना शिक्षण खात्याकडून मिळतो, वाट थोडी जवळची. मिळकतही बेताची. अडीचशे मुलांमागे एक समुपदेशक असावा, असे तिथल्या शालेय समुपदेशकांच्या संघटनेचे म्हणणे. प्रत्यक्षात बऱ्याच शाळांत मुले त्याहून पुष्कळ जास्त असतात. तिने शाखा का बदलली, हे मी विचारले नाही. माझ्यामुळे असेल, नातीमुळे असेल, तीन हजार तासांच्या धास्तीनेही असेल.

यंदाच्या ऑगस्टपासून ती एका शाळेत उमेदवारी करते आहे. सहाशे तास, त्यांतले दोनशे चाळीस प्रत्यक्ष मुलांबरोबर. दर रविवारी फोन येतो तेव्हा मी आधी वहीतला आकडा विचारते. मागच्या रविवारी एकाहत्तर झाले होते. एक मूल तिच्या खोलीत येऊन नुसते बसते, काही बोलत नाही, एवढेच तिने सांगितले.

"मग तो तास धरतात का?" मी विचारले.

"धरतात."

"मुलगा आहे की मुलगी?"

"आई!"

"बरं बाई, राहिलं," मी म्हटले. मग तिने इकडची खबर विचारली, आणि यंदा भाजणी जरा जाड दळली गेली आहे, चकल्या मोडताहेत, हे मी तिला सविस्तर सांगितले. तिने सगळे ऐकून घेतले.